चकती

दौगावपिल्सच्या अलीकडे, एकोणतीस किलोमीटरवर
ओयार्सचे तास संपले.
पडद्यावर इवलासा पलंग उमटला,
चोवीस टन फरशी लाकडाच्या ट्रकांमध्ये
मुकाट उभी राहिली.

बायकोचा फोन : सूप गरम आहे,
अर्ध्या तासाचं तर अंतर, कोण बघतंय?
कार्ड बघतंय, तो म्हणाला.
ती हसली. तो नाही.

बापाच्या वेळी कागदी चकती असायची, बशीएवढी.
सुई तिच्यावर दिवस ओरखडायची.
बाप गिअरबॉक्सला लोहचुंबक लावायचा :
ट्रक पळायचा, सुई झोपायची.
त्या जानेवारीत बर्चच्या झाडांत
केबिन सापडली, दार उघडं.
पोलिसानं चकती बॅटरीपुढे धरून वाचली :
पहाटे चार दहा. चालक विश्रांतीत.

चकती तेवढ्यापुरती खरंच बोलली होती
हे घरात कुणी कधी म्हणालं नाही.

ओयार्स बूट काढून पायरीवर ठेवतो.
शेजारच्या ट्रकात उझबेक पोरगा
कांदा चिरतोय, कुणाशी तरी भांडत.
अकरा तास.
कुशीवर वळून तो खिडकीचं बर्फ नखानं खरवडतो;
पडद्यावरचा पलंग तेवढा
रात्रभर अंथरलेला.