पाठ

थॉर्नहोपच्या शेतकऱ्यानं मेंढ्या वरच्या कुरणात हाकलल्यात,
लेंड्या मात्र आमच्यासाठी ठेवल्यात.
जानेवारी. वारा स्कॉटलंडहून निघतो
आणि वाटेत कुठे थांबत नाही.

तंबूत विनिफ्रेड वही उघडून बसलीय.
"चौघी धरतात," ती सांगते, दर वर्षी सांगते,
जणू बेरीज आम्हाला आजच शिकायचीय.
रोवेनाला ताप. म्हणजे आज
चौथी मी :
एकसष्ट वर्षांची,
दोन्ही गुडघे अजून स्वतःचेच असलेली.

नंबर टाचायला चार पिना. एक गंजलेली,
ती मी नेहमी डाव्या बाजूला लावते.
का, ते विचारू नका.
हिरवी जर्सी धुऊन धुऊन
वाटाण्याच्या सालीसारखी झालीय.
टॅम्सिन, वय एकोणीस, माझ्या बुटांचे खिळे आवळून देते;
थंडीत पाना धरवत नाही आता या बोटांना.
"तूही लांब खिळे लाव," मी म्हणते,
"ओढ्यापलीकडे जमीन माणूस गिळते."
ती हो म्हणते आणि फोनकडे बघते.

पिस्तूल.
दोनशे बायका एकदम उताराला.

पूर्वी मी पळायचे. आता
पळण्याशी घासाघीस करते.
हा चढ घे, मग दहा पावलं चालू.
बरं, चालायचं नाही, त्या काटेरी झुडपापर्यंत तरी.
झुडूप आलं की म्हणायचं, हे नव्हे, ते.

तीस वर्षं माझ्यापुढे एक निळी पाठ असायची.
मॉर्स्ली क्लबची. हेस्टर प्रिंगल हे नाव
मी फक्त निकालाच्या कागदावर वाचलेलं,
माझ्या नावाच्या वर, कधी एक ओळ, कधी सात.
चेहरा नीट पाहिलाच नाही.
पण उजवा खांदा जरा उचललेला,
वेणीचं टोक दर पावलाला शिवणीवर आपटणारं,
घाम आधी मानेखाली, मग पसरत कमरेपर्यंत...
तिची पाठ मला पाठ आहे.
वेणी तपकिरी होती, करडी झाली, एका हिवाळ्यात नव्हतीच.
दोनदा मी तिला मागे टाकलं.
एकदा ती पडली होती, ते मी धरत नाही.

आज ती पाठ नाही.
ओढ्यापर्यंत शोधली.
पुढे पोरींच्या सरळ पाठी,
ज्यांच्यावर वाचण्यासारखं अजून काही नाही.

ओढा. मांडीपर्यंत पाणी,
आणि पाण्याखाली काय, ते पायांनीच ठरवायचं.

दुसऱ्या फेरीला फाटकाशी एक बाई,
हातात काठी, डोक्यावर लोकरी टोपी.
चेहऱ्यावरून ओळखली नाही.
खांद्यावरून ओळखली.
"कडेला घट्ट आहे!" ती ओरडली,
"भिंतीला धरून जा, ग्लेनिस!"

ग्लेनिस.
म्हणजे तीही कागद खालपर्यंत वाचायची.

मी भिंतीला धरून गेले.
मधल्या राड्यात तिघी रुतलेल्या. तीन जागा वर.
चौथी आमची टॅम्सिन, एका पायात बूट,
कोपरापर्यंत हात घालून दुसरा चाचपत.
"राहू दे तो, माझ्या मागे चल," मी म्हटलं,
आणि ती खरंच आली. मैलभर
चप-थप, चप-थप
माझ्या पाठीशी.
शेवटच्या सरळ वाटेवर मला ओलांडून गेली, एका बुटानं.
जावंच तिनं. विनिफ्रेडची वही
वयाची सूट देत नाही.

पाचव्या आलो, दोन गुणांनी.
तंबूत आल्याचा केक, कपाभोवती निळी बोटं.
हेस्टर काठी टेकून शेजारी बसली.
काठीचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
टॅम्सिन चिखलाचा पाय पुसत म्हणाली,
"तुमचा डावा खांदा वर जातो पळताना. माहितीय?"

मी हेस्टरकडे बघितलं.
"मला काय विचारतेस," ती म्हणाली,
"मी पुढे असायचे."