पान एकशे बारा

सोहार बंदरामागच्या कॅम्पात, खोली नंबर सतरा,
मी कादंबरी लिहितो
जुन्या लॉगशीटांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पुढे बॉयलरचं प्रेशर, दर तासाचं, माझ्या सहीनिशी;
मागे अभिराम.

अभिराम उंच आहे. कुणाच्या बापाला भीत नाही.
त्यानं मॅनेजरच्या टेबलावर राजीनामा आपटला
त्या रात्री मी दोनदा उठून पाणी प्यालो,
धाप मलाच लागली होती.

एसी बंद पडलेल्या एका शुक्रवारी
हर्णैच्या दाऊद मुकादमानं अख्खा गठ्ठा वाचून काढला,
वरच्या बंकवर पालथा पडून,
खजुराच्या बिया स्टीलच्या पेल्यात टाकत.
मी खाली मोजे पिळत होतो.
टण्. पान उलटल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. टण्.

मगरिबच्या अजानीला तो उतरला.
"हा अभिराम कोण रे? माझी वळख नाय त्याची.
म्हातारी मात्र झकास जमलीय."

कुठली म्हातारी?

"पान एकशे बारा. साखरेच्या डब्यावर
इसबगोल लिहून ठेवते, ती.
मुलाचा फोन आला की 'मजेत आहे' म्हणते,
आणि ठेवल्यावर परत एकदा म्हणते, भिंतीला."

दोन परिच्छेदांची बाई.
जिना उतरताना अभिरामला कुणीतरी दिसायला हवं
म्हणून बसवलेली. नावसुद्धा दिलं नव्हतं.

दाऊद दारात चपला शोधत म्हणाला,
"चार वर्षं तुझ्या इसबगोलात चमचा घालतोय मी,"
आणि नमाजाला गेला.

मग मी मलाच चाळत बसलो.
पगार कापणारा फोरमन खोटं बोलण्याआधी घसा खाकरतो:
माझा घसा.
प्रकरण सातमधलं कुत्रंसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवतं.
एकट्या अभिरामात मी कुठेच नाही,
त्याला नुसते माझे शर्ट घातलेत, एक माप मोठे.

रात्री कोरा कागद घेतला. ट्यूबलाइटखाली
पलीकडचे आकडे अक्षरांतून आरपार दिसत होते,
साडेआठ, साडेआठ, आठ पूर्णांक सहा.
अभिरामला जिन्यातच थांबवला
(अजून तिथेच आहे, घड्याळ बघतोय)
आणि म्हातारीचं दार वाजवलं.

तिनं साखळी न काढता फट केली.
आत इसबगोलाचा डबा दिसला,
फोन दिसला, भिंतीचा तेवढाच तुकडा तेलकट झालेला.

मी नाव विचारलं.
तिनं घसा खाकरला.
म्हणाली, मजेत आहे.