वाव

रबराच्या नावेला भोक पाडायचं नसतं
एवढं एलर्टलाही कळतं,
चाळीस वर्षं लाकडात खिळे ठोकत आलेला असला तरी.

ती होडी विकली. गुडघे गेले म्हणून.
आता ही राखाडी, अडीच मीटरची, फुगवलेली,
दुपारच्या उन्हात टणक
आणि फ्योर्डवर सावली उतरली की जराशी रुसलेली.
राग्नफ्रीद रोज पायाने पंप मारते,
भावाकडे न बघता.

खोली सांगणारं यंत्र टपालाने आलं.
त्याचा कान वेगळा, वायरच्या टोकाला:
काळा, बुटका,
संपत आलेल्या साबणाच्या वडीएवढा.
तो पाण्यात बसवायचा.
कसा, ते माहितीपत्रकात होतं,
पण चित्रातली बोट पांढरी, कडक, पैसेवाल्याची.

आतून चिकटव तळाला, एलर्ट म्हणाला.
तिने चिकटवला.
पडद्यावर दोन आडव्या रेघा,
उघडझाप, उघडझाप.

तळातही हवाच.
आणि हवा म्हणजे या कानात कापसाचा बोळा.
जिच्या जिवावर नाव तरंगते
तिच्यातून खालचं काही ऐकू येत नाही.
हे तिने तोंडाने म्हटलं नाही.
"बरं," एवढंच म्हणून
ती घरात गेली

आणि मासे कापायची फळी घेऊन आली.
पांढरी, जाड, प्लास्टिकची,
वीस हिवाळ्यांच्या सुऱ्या अंगावर वागवणारी.
"ही?"
"ही."
दोन शिकंजे, चार स्क्रू, सायकलच्या ट्यूबची चकती,
मागच्या प्लायवूडला फळी उभी आवळली.
भोकं पाडली ती फळीला.
नावेला एकही नाही.

पहिल्या फेरीत इंजिन सुरू झालं आणि कान बहिरा.
पंख्याचे बुडबुडे.
एलर्ट हसला, बराच वेळ,
मग स्वतःच म्हणाला, दुसऱ्या बाजूला घे,
जिकडे पाती खाली उतरतात तिकडे,
वर चढणारी पाती फेस उडवते.
हे त्याला कोणत्या कागदाने सांगितलं नव्हतं.

उजवीकडे घेतला.
पडदा गप्प.
मग आकडा: ४.०
मग ७.६
मग धक्क्यापासून दूर, जिथे पाणी शाईसारखं होतं तिथे
११.३

एलर्टने खिशातून शिसं काढलं.
ते तो आणणार हे तिला ठाऊक होतं.
बुडाला खळगा, खळग्यात मेंढीची चरबी,
दोरीला चामड्याच्या खुणा,
वावावावावर एक,
बापाने हात पसरून मोजलेल्या.
इथल्या भाषेत वावेला आणि मिठीला
शब्द एकच.
बाप मिठीबिठी मारणाऱ्यांतला नव्हता.
दोरी मात्र भरपूर मोजायचा.

दोरी सरसरत गेली, सैल पडली.
"सहा वाव. वर एक वीत."
तिने पेन्सिलने फळीवरच गुणाकार केला,
बापाची वाव एकशे अठ्ठ्याऐंशीची,
लहानपणी दोघांनी पट्टीने मोजलेली, तो झोपला असताना.
सगळं जुळलं.
उरली फक्त वीत.

"तुझं यंत्र वीतभर खोटं बोलतं."
ती ओणवी झाली, बाही कोपरापर्यंत ओली,
पाण्याच्या रेषेपासून कानापर्यंत
हाताने मोजलं:
अंगठा, करंगळी. एक वीत.
यंत्र खोटं बोलत नव्हतं.
ते जिथून ऐकतं
तिथपासून सांगत होतं.

त्यावर तो काही बोलला नाही.
शिसं वर ओढलं.
चरबीत वाळू, करडी, बारीक,
आणि शिंपल्याचा एक तुकडा, आतून जांभळा.
त्याने नाकाशी नेलं.
मग तिच्या नाकाशी.

परतताना इंजिन तिने चालवलं,
पडद्याकडे तोच पाहत बसला,
दर आकडा मोठ्याने वाचत,
थकून नऊ, आठ, साडेपाच म्हणत,
प्रत्येकात स्वतःच एक वीत मिळवून.

रात्री कॉड कापायला घरात फळी नव्हती.
वर्तमानपत्रावर कापला.