मानेचं फळ

तिच्या मानेला पट्टा, म्हणून यंदा पिशवी माझ्याकडे.
खंडेराव मार्केटात हंसाबेन पटणीच्या टोपलीत
हे असलं काही:
संत्र्याचा रंग, पण देठाकडे वर ओढलेली मान,
जणू कुणी चिमटीत धरून उचलता उचलता
अर्ध्यात सोडून दिलंय.
‘आ शुं छे?’
‘संतरुं ने पपनस परण्यां, भाऊ. आ एनी दीकरी.’
सहा घेतली. रंग बघून, अर्थात.

घरी तिला खाली बघता येत नव्हतं.
भिंतीकडे तोंड करून बसलेली,
दोन्ही तळहात पुढे.
मी एकेक ठेवत गेलो, ती तोलत गेली.
‘हे पोकळ. हेही. हे घ्या, ह्यात पाणी आहे.
रंगाला काय चाटायचंय?
आणि मान दाबून पाहिलीत का?
मान मऊ पडली की समजा, आतून गेलंय.’
बोलून तीच हसली,
हसताना दुखलं तिला.

दोन दिवस उघड्यावर, एकमेकांना न टेकता.
मग फ्रिजचा खालचा खण.
प्लॅस्टिकमध्ये नाही, घाम फुटतो त्यांना.
मी पेपरात गुंडाळली, एकेक,
निधनवार्तांचं पान वगळून.

सुरी नकोच. मान पिळली की
टोपी काढावी तशी साल सुटते,
खाली बशी मात्र हवी, रस कोपरापर्यंत येतो.
पहिली फोड गोड,
मग जिभेच्या कडेला
बापाकडचं कडू हळूच येऊन बसतं.
साल टाकायची नाही:
आतलं पांढरं खरवडून उन्हात,
मग आमटीत चिमूटभर.
चिंचेला त्या दिवशी सुट्टी.

मी फोडी भरवत होतो, ती भिंतीशी बोलत होती:
‘एक्केचाळीस वर्षं खाली मान घालून निवडत आले.
बघावं लागतच नाही, हे आत्ता कळतंय.’

सहावं खणात मागे राहून गेलं.
फाल्गुन सरता सरता पट्टा निघाला, तेव्हा सापडलं:
कागद ओलसर, साल सुरकुतलेली,
मान तशीच ताठ.
तिने हातात घेतलं. आता वाकून बघता आलं असतं,
बघितलं नाही.
माझ्या तळहातावर ठेवलं.
‘तुम्ही सांगा.’

हलकं होतं. जरासं.
‘आहे पाणी,’ मी म्हटलं,
आणि बशी आणायला उठलो.