हूक

कंपूतल्या त्या नर्सिंग होममध्ये सोनोग्राफीचं मशीन एकच,
वर फलक: इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही.
मला विचारायचंही नसतं. मी भूल देते,
मला हवी असते नस,
काखेत, धमनीला बिलगून,
मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी दिसणारी.

बिट्टनबाई, वय बासष्ट, गाव गोरमी.
म्हशीनं ढुशी दिली, मनगट मोडलं.
नवऱ्यानं हसत आणखी एक सांगितलं:
हाच हात हिचा लहानपणापासून दुखतो,
कामाच्या वेळी जरा जास्त.

जेल गार लागलं तशी ती शहारली.
धमनी उडत होती, शीर दाबली की मिटत होती,
सगळं आपापल्या जागी.
आणि नसेला टेकून
एक पांढराशुभ्र ठिपका,
त्याच्याखाली रेघांची शेपटी, खोल काळोखात विरत गेलेली.

अशी शेपटी धातूला असते.

प्रोब आडवा धरला, उभा धरला.
ठिपका तिथंच.
सिस्टर लिसी हळूच म्हणाली,
मॅडम, एक्स-रेतही होता की हा,
आपण ब्लाउजचा हूक समजलो.

सुई ट्रेमध्ये ठेवली.
अम्मा, इथे कधी काही लागलं होतं?
ती छताकडे बघत राहिली.
मग तुकड्यातुकड्यानं:
काकाचं लग्न. वरात दारात.
मी नऊ वर्षांची, गच्चीवर, तोंडात बत्तासा.
फटाका लागला म्हणाले सगळे. हळद भरली.
बंदुका त्या दिवशी कुणी आणल्याच नव्हत्या म्हणे.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.
त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं तो पाहिला.
धडक्या हाताचं बोट काचेवर ठेवलं,
फलकाकडे एक नजर टाकली,
आणि विचारलं, "मौड़ी है के मौड़ा?"
आम्ही तिघी इतक्या हसलो
की सर्जननं दार उघडून पाहिलं.

मग मी जागा बदलली.
गळ्याच्या हाडाच्या वरून गेले, तिथे वाट मोकळी होती.
वाफ्यात पाणी सुटावं तसं औषध
नसांभोवती पसरलं.
वीस मिनिटांत हात जड झाला, मग कुणाचाच नाही.
"गेलं," ती म्हणाली.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

केसपेपरवर लिहिलं: धातूचा कण, जुना, काढलेला नाही.
'जुना'च्या पुढे पेन जरा थांबलं, एवढंच.

छापलेलं चित्र तिनं मागून घेतलं,
ऑपरेशननंतर घडी करून ठेवलं
बायका सुट्टे पैसे ठेवतात तिथे.
तो कागद अंगाच्या उबेनं हळूहळू काळा पडतो,
हे सांगायचं राहिलं. की मी राहू दिलं.
बाहेर नवरा विचारत होता, इतका वेळ कसा लागला.
उत्तर मी तिच्यावर सोपवून
स्कूटर काढली.

रात्री दोनला वॉर्डातून फोन.
बोटं हलतायत, मनगट ठणकतंय, इंजेक्शन देऊ का?
द्या, म्हटलं.
आणि मागून तिचा आवाज ऐकू आला,
घरचं कुणी उशिरा दारात उभं राहावं
तशा सुरातला:
"आ गया."