खालचा, डावीकडचा

माझं स्पॅनिश शाळेतलं.
खोलीचं भाडं विचारता येतं, बस कधी सुटते,
सूप गरम आहे का.
पान्ह्याला काय म्हणतात ते कुणी शिकवलं नव्हतं.

एदेल्मिरा शेगडीपाशी,
आई खिडकीपाशी,
मध्ये मी आणि ओल्या लोकरीचा वास.
चिलोए बेटावर जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडतात.
त्याच बघत बसली होती आई,
अठ्ठेचाळीस वर्षांची,
जिनं जन्म दिला तिच्याकडे पाठ करून.

"दाखवा म्हटलं मी," एदेल्मिरा सांगत होती,
"नर्स म्हणाली, मेलेलं पोर बघू नये, वेड लागतं.
एकोणीस वर्षांची होते. ऐकलं तिचं.
अकरा दिवस पान्हा येत राहिला.
सफरचंदाच्या बुंध्याशी पिळून टाकायचे,
समोर गाय उभी असायची,
तिची लाज वाटायची."

मी आईला सांगितलं:
"तिला फार वाईट वाटलं."

आई वळली नाही.
"इतकं बोलली, आणि एवढंच?"

मग मी उठून हातवारे केले.
झाड. गाय. स्वतःच्या छातीवर हात ठेवला
आणि बोटांवर अकरा मोजताना
एक बोट कमी पडलं.

एदेल्मिराला मिठी नको होती, रडणं नको होतं.
तिला हिशेब हवा होता.
पहिला दात कधी आला?
टाळू कधी भरली?
पालथी झोपायची की उताणी?
ताप आला तर उशाशी कोण?

"मला काय ठाऊक," आई म्हणाली, "मी बाळ होते."

ठाऊक होतं ते एका बाईला,
ऊमिओच्या वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर.
इंगेगेर्द. तिच्या कपाटात अजून तो कागद आहे:
आईने स्वखुशीने मूल दिले,
आणि खाली एक सही,
जी एदेल्मिराची नाही.
हे कळल्यापासून वर्षभर
ती आमच्याशी फक्त हवेबद्दल बोलते.

आमच्याकडे आईच्या आईला मूरमूर म्हणतात.
आई-आई.
त्या शब्दात दोन आया आहेत
हे बावीस वर्षं रोज हाक मारूनही
मला ऐकू आलं नव्हतं.

तिकडे रात्रीचे नऊ, उन्हाळा, अजून उजेड.
फोन मी बटाट्यांच्या टोपलीवर ठेवला.
"मूरमूर, एक बाई विचारतेय,
पहिला दात कधी आला?"

पलीकडे इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं लाइन गेली.

"खालचा," इंगेगेर्द म्हणाली. "डावीकडचा.
पाच मार्च. लापशी भरवत होते,
चमचा टक् वाजला."

टक्.
याला भाषांतर लागलं नाही.
एदेल्मिराचं बोट आपोआप
स्वतःच्या ओठाआड गेलं, तिथे
आता दात नव्हता.

"झोपायची कशी?"
"झोपायचीच नाही. तीन महिने खांद्यावर घेऊन
स्वयंपाकघरात येरझारा घातल्या.
नवरा म्हणायचा, फरशी झिजेल."
मी सांगत गेले. चुकत गेले. येरझारांना मी
प्रवास म्हटलं, एदेल्मिराने मान डोलावली.

मग इंगेगेर्दचा आवाज फुटला.
तिचा पुढचा शब्द मला दोन्ही भाषांत येत होता,
शाळेत तो पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
मी तोंड उघडलं,
तर एदेल्मिराने तळवा वर केला:
"थांब म्हणावं तिला. कांजिण्या राहिल्या."

खिडकीपाशी खुर्ची सरकली.
आई आली, शेगडीसमोर उकिडवी बसली,
कानामागचे केस बाजूला केले
आणि स्वीडिशमध्ये, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हा बघ. एकच राहिलाय व्रण. मी खाजवला होता."

एदेल्मिराने चष्मा शोधला.
टोपलीतून इंगेगेर्द विचारत होती,
काय चाललंय, कुणी बोलत का नाही?

मी बोलले नाही.
शेगडीतलं लाकूड संपत आलं होतं,
ते आणायला बाहेर गेले.