गुरुवार, साडेसात

किल्ली माझ्याकडे, म्हणून मी पहिला.
पाचपावलीत, विणकर सोसायटीच्या माडीवर
सतरंजी झटकतो, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी.
हार्मोनियमची काळी चार दाबली की वर येत नाही,
नखानं उचलावी लागते.

वहीत एकोणीस नावं.
आज पाच.
लांजेवारची बुटीबोरीला रात्रपाळी,
हेडाऊबाईंची सून बाळंत.
वैनतेयचा मेसेज : "येऊन राहिलो."
मागच्या गुरुवारपासून तो येऊनच राहिला.

"काहून करता एवढं?" खालचा पानवाला विचारतो,
"पैसे तर कोणी देत नाही ना बाप्पा."
मी सुपारी चघळत राहतो.
तेवढ्यात पराते काकू जिना चढतात,
गुडघ्यावर हात, दर पायरीला
दम खात, सूर लावून बघत.

कूलर बंद केला तर मे महिना अंगावर येतो,
सुरू ठेवला तर त्याची घरघर
आमच्या षड्जाच्या किंचित खाली.
शेवटी आम्हीच उतरलो त्याच्या पट्टीत.
आता कुठे कार्यक्रमाला गेलो
की सुरुवातीला सगळे
कूलर शोधतात.

दुसरं कडवं लांजेवारचं.
त्याच्या चार ओळी कोणी गात नाही.
ठेका चालू ठेवतो,
सतरंजीच्या उसवल्या काठाकडे बघत बसतो,
आणि पाचवी ओळ एकदम उचलतो,
कोणी हातात दिल्यासारखी.

साडेनऊला कुलूप.
जिन्यातल्या दिव्याखाली वही उघडून
लांजेवारपुढे मी
हजर लिहितो.